फोटोतली बाई

धान्याच्या मोंढ्याकडे जाणारा रस्ता पुन्हा सोयाबीनने भरला आहे. टेम्पो, ट्रॅक्टर, मधूनच एखादी बैलगाडी, आणि डांबराच्या एका अंगाला वाळत घातलेली रास, तिच्या कडेने मांडलेले दगड. एसटीचा ड्रायव्हर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत तिला वळसा घालतो. अहमदपूरच्या भोवतालच्या शेतांत दिवसभर मळणीयंत्रं घरघरतात आणि त्यांतून उडालेला भुसा वाऱ्याबरोबर गावात येतो. दोरीवरच्या कपड्यांवर बसतो, झाकण विसरलेल्या दुधावर बसतो, घशात बसतो. या दिवसांत आमच्याकडे सगळेच खोकतात. कुणी कुणाला विचारत नाही, आणि विचारलंच तर "भुसा" एवढं उत्तर पुरतं. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत या एका शब्दाआड काय काय लपतं ते मला चांगलं माहीत आहे.

मी एक्स-रे काढते. आमच्या भागात त्याला कुणी एक्स-रे म्हणत नाही, फोटो म्हणतात. छातीचा फोटो, पायाचा फोटो. एक आजोबा तर फोटो काढायचा म्हणून कडक इस्त्रीचं धोतर नेसून, नवा पटका बांधून आले होते, आणि मी पटका उतरवा म्हटल्यावर फार हिरमुसले होते. अशा फोटोवाल्या बाईला गावात मान असतो. रस्त्यात लोक नमस्कार करतात. पण खरं सांगायचं तर कितीतरी वर्षं मी फोटो नुसते काढत होते, बघत नव्हते. माणूस कसा उभा करायचा, हनुवटी कुठे टेकवायची, खांदे कसे पुढे घ्यायला लावायचे म्हणजे पाठीची हाडं फुप्फुसावर येत नाहीत, यात माझा हात कुणी धरू शकला नसता. आत काय आहे ते बघणं डॉक्टरांचं काम. पेशंट घाबऱ्या डोळ्यांनी "काय दिसलं?" म्हणायचा आणि मी पुढच्याचं नाव पुकारायची.

मग एका वर्षी ठरलं की आम्ही फोटो वाचायलाही शिकायचं. वाचणारे डॉक्टर मोजके आणि फोटो ढीगभर. रिपोर्टसाठी लोक खेटे घालून थकायचे. तेव्हा फोटो काढणाऱ्यानेच पहिलं मत लिहावं, ठीक आहे, ठीक नाही किंवा शंका आहे, आणि डॉक्टरांनी शंकेचे फोटो आधी हातात घ्यावेत, अशी ती योजना. त्याचं प्रशिक्षण नांदेडला होतं आणि नेमकं याच दिवसांत होतं. विष्णुपुरीकडच्या एका वसतिगृहात आमची राहायची सोय केली होती. सकाळी धरणाच्या अंगाने गार वारा यायचा. बाकीचे फिरायला जायचे आणि मी तोंडावर पदर घेऊन खोलीत बसायची, कारण गार हवा लागली की खोकला उसळायचा.

खोकला पावसाळ्यापासून होता. मळणी तर नुकती सुरू झाली होती. एवढा हिशेब मला येत नव्हता असं नाही, मी तो केला नाही. उलट मी मनातून खूश होते, कारण वजन उतरत होतं. शेजारच्या बायका विचारायच्या, "काय करताय हो, फिरायला जाता का?" आणि मी ठसक्यात सांगायची, "भात सोडलाय." ब्लाउज आत घेऊन शिवून घेतले होते. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, ते मी वयावर ढकललं. दवाखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाला एक खोटा विश्वास असतो, रोग काउंटरच्या पलीकडच्या बाजूला राहतो असा. रोज शेकडो खोकणारी माणसं बघून मला वाटायचं, खोकला म्हणजे त्यांचा.

आम्हाला शिकवायला सय्यद सर होते. नांदेडचेच. साठीला टेकलेले, सावकाश बोलणारे. आवाज चढायचा तो फक्त चहात साखर कमी पडली तर. पहिल्या दिवशी त्यांनी पडद्यावर एक फोटो लावला आणि विचारलं, "काय दिसतं?" लोह्याचा गंगाधर, सगळ्यांत उत्साही, ताबडतोब म्हणाला, "सर, पेशंट तिरका उभा केलाय." देगलूरची शिल्पा म्हणाली, "उजवा खांदा पुढं घेतला नाही." मी म्हटलं, "श्वास अर्धाच भरलाय." मग एकेकाने त्या फोटोच्या आणखी चुका काढल्या. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बिलकुल दुरुस्त," ते म्हणाले, "पण या माणसाच्या छातीत पाणी झालंय. ते कुणालाच दिसलं नाही?" आम्ही पुन्हा बघितलं. छातीची अर्धी बाजू पांढरीफटक होती. शिंप्याला समोरच्या माणसाच्या आधी त्याच्या सदऱ्याची शिवण दिसते, तसं आमचं झालं होतं. सगळे हसलो. पहिल्या दिवसाचं हसू ते, त्यात लाज नव्हती.

सरांचं म्हणणं असं की रोग शिकायच्या आधी निरोगी छाती शिका. घरची माणसं नीट ओळखता आली की पाहुणा आपोआप कळतो. पण दवाखान्यात निरोगी माणूस फोटो काढायला येतोच कशाला? म्हणून दरवर्षीची पद्धत अशी की शिकाऊ मंडळींनी राजीखुशीने एकमेकांचे फोटो काढायचे, नावं काढून टाकायची, आणि ते जुन्या फोटोंत मिसळून वर्गात वाचायचे. माझा फोटो शिल्पाने काढला. "अक्का, हनुवटी वर. खांदे पुढं. अजून थोडं, अक्का." ती मला अक्का म्हणायची, तिच्याकडे सीमेवर मोठ्या बहिणीला तसंच म्हणतात. मी आतून तिलाच सूचना देत होते. फोटो झाल्यावर मी बाहेर येऊन स्क्रीनपाशी उभी राहिले. दोन्ही खांद्यांची हाडं बाजूला गेलेली, श्वास भरपूर, छाती बरोबर मधोमध. "छान आलाय गं," मी म्हटलं. शिल्पाचा चेहरा खुलला. दोघींनी तो फोटो डोळे भरून बघितला, आणि आम्हाला त्यात तिच्या कामाशिवाय काही दिसलं नाही.

पुढे कधीतरी तो दिवस आला. सकाळपासून निरोगी छात्या बघून सगळे कंटाळले होते. एकामागून एक फोटो लागत होता आणि आम्ही "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत होतो. तेवढ्यात एक फोटो लागला आणि गंगाधर बाकावरून अर्धा उठला.

"सर, उजव्या बाजूला बघा, वर. पोकळी हाय. भवताली डाग बी हायेत. टीबी हाय सर. लई भारी सापडला."

कुणीतरी बाकावर थाप मारली. वर्गात एकदम जीव आला. सांगायला नको वाटतं, पण शिकणाऱ्याला रोग सापडला की आनंद होतो. मलाही ती पोकळी दिसली होती आणि गंगाधरच्या आधी आपण बोललो नाही याची चुटपुट लागली. म्हणून सरांनी "आणखी कोण सांगेल?" म्हटल्याबरोबर मी हात वर केला. वर्गात सगळ्यांत जुनी मी. माझ्या बोलण्याला वजन होतं आणि ते मला ठाऊक होतं.

"बाई आहे सर," मी म्हटलं. "चाळिशीतली. अंगावर मांस नाही. मजुरीला जाणारी असणार. पोकळी पडेपर्यंत खोकला अंगावर काढलाय. अशा बायका घरात सांगत नाहीत, दवाखान्यात येत नाहीत. आल्याच तर थोडं बरं वाटलं की गोळ्या सोडून देतात. कितीही सांगा, अडाणीच असतात. आणि मग घरभर रोग वाटत बसतात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अनुभव बोलत होता ना.

"एवढं सगळं फोटोत दिसलं तुम्हाला?" सरांनी विचारलं. वर्ग हसला, मीही हसले. "ठीक. पण एक सापडलं की डोळा तिथेच बसतो. सगळ्यांची खोड आहे ही, माझीसुद्धा. पुढं बघा. हाडं राहिली."

मी पुढे बघायला लागले. बरगड्या एकेक करून खाली गेले, मग पुन्हा वर आले. गळ्याखालची दोन आडवी हाडं, आम्ही त्यांना क्लॅव्हिकल म्हणतो, ती राहिली होती. उजवं सरळ होतं. डाव्याच्या मधोमध एक गाठ होती. कधीकाळी मोडून वाकडं जुळलेलं हाड.

माझं माहेर लोह्याच्या अलीकडचं. लहानपणी मी कडब्याच्या भरल्या गाडीवरून पडले होते. गावातल्या हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्याने बांबूच्या कामट्या बांधल्या, आईने हळद लावली, आणि हाड जुळलं ते असं, मधे गाठ ठेवून. लग्नानंतर मंगळसूत्र तिच्यावर अडायचं. विचार करताना माझी बोटं नकळत त्या गाठीवर जातात. तेव्हाही गेली. समोर पडद्यावर ती गाठ होती आणि बोटांखाली तीच गाठ होती.

"बोला," सर म्हणाले.

"डावं क्लॅव्हिकल. जुनं फ्रॅक्चर," मी म्हटलं. बोटं गाठीवरून हलली नाहीत. सरांनी आधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग हाताकडे, मग पडद्याकडे. मग त्यांनी पडदा बंद केला. "चहा घेऊ," म्हणाले. चहाची वेळ झाली नव्हती, आणि ते सगळ्यांना कळलं.

जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, ही म्हण मी शाळेत असताना पाठ केली होती. जात्यात आणि सुपात एकच दाणा एकाच वेळी असू शकतो, हे मला त्या सकाळी कळलं. आजाराची भीती पहिल्यांदा आलीच नाही. भीती दुसऱ्या दिवशी आली, आणि ती माझ्या ओळखीची होती, औषधं आहेत, बरं होता येतं, हे मला पाठ होतं. पहिल्यांदा आली ती शरम. कानाच्या पाळ्या पेटल्यासारख्या झाल्या. अशा बायका. अडाणी. घरभर वाटत बसतात. माझेच शब्द, आणि त्यांतला एकही शब्द परत घेता येत नव्हता, कारण खोकला अंगावर काढलेली, घरात न सांगितलेली, दवाखान्यात नोकरी असून दवाखान्यात न गेलेली ती बाई मीच होते. मजुरी तेवढी करत नव्हते.

त्या दिवशी लाज प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी आली. सर मला जिन्यापाशी भेटले आणि म्हणाले, "मी सगळे फोटो आधी स्वतः बघायला हवे होते. धडधाकट माणसं म्हणून गृहीत धरलं. गलती माझी आहे." एवढा मोठा डॉक्टर माझ्यापुढे खाली बघून बोलत होता आणि मला ते सोसवेना. गंगाधर पाण्याच्या माठाशी घुटमळत होता. "ताई, मी भारी म्हणलो ना," तो म्हणाला, "मला तसं नव्हतं म्हणायचं." मी म्हटलं, "बरोबर ओळखलंस रे. भारीच होतं." तो हातातला पेला पुन्हा पुन्हा विसळत राहिला. सामान घ्यायला खोलीवर गेले तर शिल्पाने दोन्ही खिडक्या सताड उघडल्या होत्या. शास्त्राप्रमाणे तेच योग्य होतं, मीही तिला तेच सांगितलं असतं. पण ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "उकडायलंय, अक्का." बाहेरून गार वारा येत होता. आदल्या दिवशीपर्यंत आम्ही एका डब्यातून भाकरी आणि ठेचा खात होतो. मी बॅग भरली आणि नाक-तोंड बांधून खाली उतरले.

आमच्या घरचे सर, म्हणजे माझे यजमान, शाळेत गणित शिकवतात. भला माणूस. त्यांनी सगळं ऐकलं, माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "उषा, हे घरातलं घरातच राहू दे." मला राग आला नाही. मला हायसं वाटलं, आणि त्याची लाज नंतर वाटली. आमची मुक्ता तेव्हा लातूरला होती, क्लाससाठी हॉस्टेलवर राहिलेली, डॉक्टर व्हायचं म्हणून दिवसरात्र वाचणारी. तिचा फोटो काढणं तर भाग होतं. मधे गणपतीला ती घरी येऊन माझ्याच पांघरुणात झोपली होती. तिला सांगितलं, हॉस्टेलला आरोग्याचा दाखला लागतो. तिचा आणि तिच्या वडिलांचा फोटो मी स्वतः वाचला, सय्यद सरांना दाखवला, घरी आणून पुन्हा वाचला. इतक्या हळू मी कधीही फोटो वाचला नव्हता. दोन्ही स्वच्छ होते.

पण त्या दिवाळीच्या तोंडावर लातूरला तिला भेटायला गेले ते आठवलं की अजून गलबलतं. हॉस्टेलच्या फाटकाशी मी मास्क लावून उभी होते, चार हात लांब. दरवर्षी चिवडा, करंज्या, शेंगदाण्याची चटणी घेऊन जायची, यंदा दुकानातली पाकिटं होती. ती धावत आली आणि मी मागे सरकले. "भुशाची ॲलर्जी झालीय, जवळ येऊ नको," मी म्हटलं. मुक्ता हिरमुसली. पाकिटं चाचपून म्हणाली, "आई, यंदा काही केलं न्हाईस?" मी म्हटलं, "वेळच मिळाला नाही." आजूबाजूला सगळ्या आया आपापल्या मुलींना भरवत होत्या. एक बाई माझ्याकडे बघून दुसरीला म्हणाली, नोकरीवाल्या बायकांचं असंच असतं. मी ऐकून घेतलं. खोटं बोलायचं ठरवलं की लोकांनी लावलेला अर्थ मुकाट घ्यावा लागतो.

गोळ्या आमच्याच दवाखान्यात मिळाल्या असत्या, माझ्या खोलीपासून तिसऱ्या खिडकीवर, फुकट. त्या खिडकीसमोरच्या रांगेला मी कैक वेळा ओरडले होते. "पदर लावा तोंडाला, एवढंही कळत नाही का?" भर कॉरिडॉरमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आता त्या रांगेत मला उभं राहायचं नव्हतं. म्हणून मी एसटीत बसून नांदेडला जायची, जिथे मला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी. एकदा तिथल्या बाकावर शेजारी एक बाई येऊन बसली. चेहऱ्यावर पदर. थोड्या वेळाने तिने पदर जरा खाली केला आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही हितं?" ती आमच्या अहमदपूरकडचीच होती. तिचा छातीचा फोटो मीच काढला होता. मी म्हटलं, "जरा कामानं आले होते." ती म्हणाली, "हाव, मी बी कामानंच आले." दोघी समोरच्या भिंतीकडे बघत बसलो. तिचा नंबर आला तेव्हा ती उठली आणि मला म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, तुमची गाडी चुकंल." मी पुढे गेले. तिच्या आधी गोळ्या घेतल्या, पिशवीत घातल्या, आणि वळून तिच्याकडे न बघता बाहेर पडले. आम्ही दोघी एकाच गावाहून, एकाच कारणाने, एवढ्या लांब आलो होतो. तिला तिथवर कुणी पिटाळलं असेल तर त्या कॉरिडॉरमधल्या आवाजाने. तो आवाज माझा असायचा.

होळी गेली, ऊन चढलं, गोळ्या संपल्या. शेवटचा फोटो काढला तेव्हा पोकळीच्या जागी बारीक रेघा उरल्या होत्या. सय्यद सरांनी दोन्ही फोटो शेजारी लावून बघितले. मग म्हणाले, "एक विचारू? तुमचा पहिला फोटो शिकवायला फार चांगला आहे. पोकळी स्पष्ट आहे, आणि हाड बघायला लोक विसरतात. इजाजत असेल तरच ठेवतो. नसेल तर आत्ता पुसून टाकतो." नाही म्हणायला मला काही अडचण नव्हती. सर खरंच पुसून टाकणारे होते. पण फोटो चांगला आला होता, आणि तो शिल्पाने किती निगुतीने काढला होता. "ठेवा," मी म्हटलं, "फक्त नाव नको."

राहिलेलं प्रशिक्षण मी पुढच्या सुगीला पूर्ण केलं. आता मी फोटो वाचते, खाली मत लिहिते, डॉक्टर सही करतात. माझी मतं सहसा बदलावी लागत नाहीत. सरांनी मलाच शिकवण्याच्या कामाला मदतीला घेतलं, आणि गेली काही वर्षं मी दर सोयाबीनच्या दिवसांत नांदेडला जाते. नव्या तुकडीच्या मागच्या बाकावर बसते. गंगाधर आता लोह्यात फोटो बारकाईने वाचणारा म्हणून नावाजला आहे, पण सापडलं म्हणून तो ओरडत नाही असं त्याच्याबरोबर काम करणारे सांगतात. शिल्पाचं लग्न झालं. पत्रिका आली होती, मी गेले नाही.

आणि दरवर्षी, तुकडी निरोगी छात्या बघून कंटाळली की, माझा फोटो लागतो.

दरवर्षी कुणीतरी अर्धं उठतं. दरवर्षी बाकावर थाप पडते. मग ते त्या बाईचा अंदाज बांधायला लागतात. वीटभट्टीवरची असेल. ऊसतोडीला जाणारी असेल. दारुड्या नवऱ्याची असेल. अशांना कितीही समजावा. मी भिंतीला टेकून ऐकते. कुणाही पोराने आजवर म्हटलेलं नाही की ही शिक्षकाची बायको असेल, घरात गॅस असेल, मुलगी डॉक्टरकी शिकत असेल. त्यांना काय बोलणार? त्यांना ती वाक्यं जिथून मिळाली तिथे मीही वीस वर्षं भर घातली आहे. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही तर माझ्या नोकरीची व्याख्याच झाली. मी एवढंच म्हणते, "अंदाज पुरे. पुढं बघा." ते पुढे बघतात, आणि मी गळ्यापर्यंत बटणं लावलेला एप्रन सारखा करते.

एकदा तोंड उघडून सांगावं असं वाटलं नाही असं नाही. दर वर्षी गाडीत बसताना ठरवते. घरचे सर म्हणतात, थांब, तिचं बारावीचं वर्ष आहे. मग म्हणाले, तिचं कॉलेज नवीन आहे. आता म्हणतात, तिच्यासाठी स्थळं बघतोय, लातूरचे लोक चौकशी फार करतात. प्रत्येक कारण खरं असतं. मुक्ता घरी आली की गमतीने माझे रिपोर्ट वाचते, म्हणते, "आई, तू तर आमच्या प्रोफेसरांपेक्षा बारीक बघतीस." तिला आजही काही माहीत नाही. बरी होऊन एवढी वर्षं झाली, छाती ठणठणीत आहे, आणि तरी मी रोग झाकल्यासारखी बरं होणंही झाकून ठेवलं आहे. आमच्या दवाखान्यातल्या तिसऱ्या खिडकीसमोरच्या बायकांना मी आता ओरडत नाही, हळू बोलते, पाणी देते. पण मी त्या रांगेतली आहे हे त्यांना सांगत नाही. नुसतं गोड बोलणं फार सोपं पडतं.

यंदाच्या तुकडीत निलंग्याची एक मुलगी आहे, अश्विनी. नोकरीला नुकतीच लागलेली, बोलायला लाजरी. परवा फोटो लागला. पोकळी सापडली. थाप पडली. एक जण म्हणाला, "ऊसतोडीची बाई असंल." त्याच्या शेजारचा म्हणाला, "असंल काय, होती म्हण. एवढी मोठी पोकळी, आता कुठली जिती असायला." दोन-चार जण हसले. वाईट मुलं नव्हती ती. मी नेहमीप्रमाणे तोंड उघडलं, पुढं बघा म्हणायला.

"मॅडम," अश्विनी म्हणाली, "हिचं पुढं काय झालं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. वीस वर्षांत मीही कुठल्या फोटोबद्दल विचारलं नव्हतं.

"बरी झाली," मी म्हटलं.

"गोळ्या पुऱ्या केल्या तिनं?"

"केल्या. एकही चुकवली नाही."

"तुम्हाला कसं माहीत?" मघाच्या मुलाने विचारलं. उद्धटपणे नव्हे, खरंच जाणून घ्यायचं म्हणून.

ओळखीतली आहे, आमच्या गावची आहे, असं म्हणता आलं असतं. ते जिभेवर आलंही होतं. घरचे सर डोळ्यांपुढे उभे राहिले, मुक्ता उभी राहिली, लातूरची चौकशी करणारी माणसं उभी राहिली. सय्यद सर पडद्याच्या बाजूला बसले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते.

अश्विनीच बोलली. "बरं झालं बाई," ती म्हणाली, आपल्याच घरातलं कुणी बरं झाल्यासारखं. "नाव काय हो तिचं?"

"उषा," मी म्हटलं. "उषा बिरादार."

अश्विनीने मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडे बघायला लागली. मग ती थांबली. तिची नजर हळूहळू पडद्यावरून निघाली आणि माझ्या एप्रनवरच्या नावाच्या पट्टीवर येऊन टेकली. मघाचा तो मुलगा उठून उभा राहिला, का ते त्यालाही कळलं नसावं. सगळ्या बाकांवरचे डोळे एकेक करून माझ्याकडे वळले. लाजेने माझं तोंड भाजत होतं, आणि मी मान खाली घातली नाही.